नवरा सोडून गेलाय, दोन मुलं आहेत, पगार अकरा हजार. महिना पुरत नाही. काटकसर कशी करू?

ताई, तुम्ही आकडे देऊन विचारलंत ते बरं केलंत. कपड्यांच्या दुकानात पगार ११,०००. खोलीभाडं ३,५००. गटाच्या कर्जाचा हप्ता दर मंगळवारी ६५०. धाकटी बालवाडीत, इंग्लिश मीडियम, फी ९००. थोरला नऊ वर्षांचा, महापालिकेच्या शाळेत. नवरा दीड वर्षापूर्वी निघून गेला, घटस्फोट नाही, पैसे पाठवत नाही. आणि शेवटी विचारलंय, संध्याकाळी भाकरीचं काम धरू का?

मी मिरजेत एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. २०१९ मध्ये मिस्टर वारले, तेव्हापासून दोन मुलांचं माझं मीच बघते.

तुमच्या आकड्यांची वजाबाकी केली तर भाडं, हप्ता आणि फी जाऊन हातात ४,००० उरतात. त्यातून लाइट, गॅस, रिचार्ज काढलं की तीन हजारांच्या आसपास. म्हणजे तीन जिवांना दिवसाला शंभर रुपये. यात काटकसर ती आणखी काय करणार? भाजी बाजार उठताना घ्या, चहा एकदाच करा, हे सल्ले ज्यांना महिनाअखेर माहीत नाही ते लोक देतात. तुम्ही ते केव्हाच करून बसला असाल. भाजीतनं वाचून वाचणार पन्नास-साठ रुपये. तुमचा पैसा गळतोय तो हप्त्यात, तारखांत आणि न केलेल्या कागदांत.

आधी हप्ता. आठवड्याचा हप्ता कमी वाटतो, कारण आपण तो चारनं गुणतो. पण वर्षात ५२ मंगळवार असतात, ४८ नाही. म्हणजे वर्षातले चार महिने तरी पाच मंगळवारांचे निघतात आणि त्या महिन्यात २,६०० ऐवजी ३,२५० जातात. कॅलेंडर काढून ते महिने आत्ताच पेनानं खुणावून ठेवा. ज्या महिन्यात ‘कुठं गेले कळलंच नाही’ असं होतं, तो बहुतेक वेळा हाच महिना असतो. आता दुसरी गोष्ट. हे कर्ज संपत आलं की वसुलीवाला स्वतःच म्हणेल, ‘ताई, तुमचा रेकॉर्ड चांगलाय, चाळीस हजार मंजूर होतील.’ घेऊ नका. जुनं भागवायला नवं घेतलेल्या आमच्या गल्लीतल्या दोघींचे आता आठवड्याला तीन वेगवेगळ्या गटांचे हप्ते आहेत.

नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या छोट्या, विनातारण कर्जांत घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ-धमकी चालत नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. तुम्हाला कर्ज देताना नवऱ्याची कमाई धरली असणार, आणि ती आता नाही. ते लेखी कळवा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. देतीलच असं नाही, पण मागितल्याचा कागद हातात राहतो. कर्जाच्या कार्डावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो. तिथं महिनाभर दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, तिला पैसे पडत नाहीत. गटातल्या बायका दारात येऊन बसतात तो त्रास मात्र कुठल्या नियमानं जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एका शहाण्या बाईला आधीच विश्वासात घ्या.

तारखांचं म्हणाल तर पगार ७ ला आणि भाडं ५ ला, असं काही असेल तर मालकिणीला जाऊन सरळ सांगा की भाडं १० ला देईन, पण चुकवणार नाही. दोन-पाच दिवसांसाठी आपण शेजारणीकडून उसने घेतो आणि तिथून पुढं सगळा महिना मागं मागं पळतो. मी आमच्या मालकांना सांगून पगार दोन भागांत घेते, अर्धा ७ ला, अर्धा २२ ला. त्यांना सुरुवातीला ही उचल वाटली. मी म्हटलं, उचल नव्हे, माझेच पैसे तुमच्याकडे राहू देत. तेव्हापासून वीस तारखेनंतर उसनं मागायची वेळ फारशी येत नाही.

आता कागद. इथं जरा बसून वाचा.

सरकारच्या लेखी तुम्ही गरीब नाही, हे आधी समजून घ्या म्हणजे सेतूत, म्हणजे सरकारी दाखले काढायच्या केंद्रात, गेल्यावर डोकं फिरणार नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न १,३२,००० होतं. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० मिळतात, परित्यक्तांनाही मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिना साडेसतराशे! तेवढ्यात कोण जगतं ते दाखवा. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळेत मोफत प्रवेशासाठी आर्थिक दुर्बल गटाला १ लाखाची मर्यादा, शहरात स्वस्त धान्याला ५९,०००. एजंट सांगेल, ‘पाचशे द्या, दाखला वीस हजाराचा काढून देतो.’ सगळेच करतात, हे खरंय. पण एका ठिकाणी वीस हजार आणि दुसऱ्या ठिकाणी पगाराची खरी पावती लावली की अडकतो आपण, एजंट नाही. मी तरी खरा दाखला काढूनच मिळेल तेवढं घेतलं.

आणि खऱ्या दाखल्यावर मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे बालसंगोपन योजना. महिला व बालविकास विभागाची, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. एक पालक असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलाला महिना २,२५०. दोन मुलांचे ४,५००, म्हणजे तुमच्या भाड्याहून जास्त. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो असं माझ्याकडून घेतलं होतं. मग घरी येऊन पाहणी करतात आणि बालकल्याण समितीचा आदेश होतो. आमच्याकडे पाहणीला आलेल्या मॅडमनी मुलाला पहिला प्रश्न विचारला, ‘आज काय जेवलास?’ त्यानं ठणकावून सांगितलं, ‘अजून काहीच नाही.’ दुपारचे बारा वाजले होते, कुकर गॅसवर होता, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही त्या दिवशी जेवण आधी उरका.

एवढंच की हे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, कधी मधेच थांबतात. त्यामुळे किराण्यात धरूच नका. जूनची वह्या-दप्तरं, आजारपण आणि ते गटाचं कर्ज लवकर संपवणं, याच्यासाठी ठेवा.

अडचण तुमची वेगळी आहे. माझ्याकडे मृत्यूचा दाखला होता. तुमच्याकडे नवरा निघून गेल्याचा कसलाच कागद नाही, आणि प्रत्येक खिडकीवर ‘मिस्टरांची सही?’ म्हणून विचारणार. तो कागद कोर्टातून तयार होतो. पोटगीचा अर्ज करा. त्याला घटस्फोट लागत नाही. लोक अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘एकशेपंचवीस’ म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) ते कलम १४४ झालंय. नवरा कुठल्याही गावी असो, तुम्ही राहता तिथल्या कोर्टात दावा चालतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दावा चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठरवून दिलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज जितका लांबवाल तितके महिने बुडाले. नवरा हुकूम होऊनही देईलच असं नाही. पण थकलेली रक्कम वसूल करायचा अर्ज ती थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, ती तारीख वहीत लिहून ठेवा. सासरचे म्हणतील, घराची अब्रू कोर्टात नेली. म्हणू देत.

रेशनचं एक विसरू नका. तुमचं आणि मुलांचं नाव सासरच्या कार्डावर असणार. ते कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. म्हणजे तुमच्या तिघांचं १५ किलो दर महिन्याला सासरी शिजतंय. तुमचं आधार त्या कार्डाला जोडलेलं असेल तर जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं मागता येतं. दुकानदार आधी नाही म्हणतो, तिथंच उभं राहायचं. मग सावकाश नावं कमी करून वेगळ्या कार्डाच्या मागं लागा.

लाडक्या बहिणीचे १,५०० येतात का ते तुम्ही लिहिलं नाही. येत असतील तर ते खातं हप्ता कापणाऱ्या खात्यापासून लांब ठेवा.

फीबद्दल माझं मत अनेकींना आवडणार नाही. धाकटीला पण थोरल्याच्या शाळेत घाला. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत, आणि ९०० वाचतात. मी माझ्या धाकट्याला काढून मराठी शाळेत घातलं तेव्हा जाऊबाईंनी सगळ्या भावकीत सांगितलं की पोराचं वाटोळं केलं. तो आता सातवीत आहे, वाचतो चांगलं, गणितात कच्चा आहे. इंग्लिश मीडियममध्ये असता तरी गणितात कच्चाच राहिला असता, बापावर गेलाय.

तुमच्यासारख्याच हे वाचणाऱ्यांत कुणी विधवा असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. मिस्टर कुठल्याही कंपनीत होते आणि त्यांचा पीएफ कापला जात होता, तर फक्त पीएफ काढून गप्प बसू नका. नोकरीत असताना वारलेल्याच्या बायकोला पेन्शन असतं, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी. किमान १,००० महिना, आणि दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळं. त्यासाठी फॉर्म १०-डी भरायचा. माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत हेल्पर होते. मला हे त्यांच्या सोबतच्या एकानं सांगितलं, आणि तेही एका बारशात, जेवणाच्या पंगतीत.

विम्याचं पण करून टाका. बँकेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. घरात कमावणारं एकच माणूस असलं की आधी विमा त्याचा, मुलांचा नव्हे. वारस म्हणून मुलांची नावं घालाल तेव्हा ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, आहेत म्हणून एका मोठ्या माणसाचं नाव मागतील. तिथं सवयीनं नवऱ्याचं नाव घालू नका. आईचं किंवा बहिणीचं घाला.

माहेरचं म्हणाल तर भावाकडून घ्यायची वेळ आली तर वहिनींसमोर घ्या आणि किती घेतले ते त्यांच्यासमोरच वहीत लिहा. भाऊ गुपचूप खिशात घालतो, ते नको. पुढं कधीतरी ते निघतंच.

आता भाकरीचं काम. पाच वर्षांची पोर घरात एकटी ठेवून कुणाच्या खानावळीत जाऊन थापायच्या असतील तर धरू नका. घरी करायच्या असतील तर धरा, पण दर ठरवताना पीठ आणि गॅस कुणाचा ते आधी विचारा. पीठ त्यांचं आणि गॅस तुमचा असं असेल तर शंभर भाकरीला गॅस किती जळतो ते आधी दोन दिवस सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बघा. भंगारवाल्याकडे काटा असतो. आमच्या शेजारच्या काकूंनी हे केल्यावर भाकरीमागं रुपया वाढवून मागितला. खानावळवाल्यानं कुरकुर केली आणि दिला.