वाचकांचे प्रश्न : आयसीयूत आपले माणूस जवळ असावे का?

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले. न्यूमोनिया झाल्याने ७२ वर्षांच्या आईला मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत ठेवले होते. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, तीही एकालाच भेट मिळे. एका रात्री ती असंबद्ध बोलू लागली, सलाईन उपसू लागली, म्हणून तिचे हात पलंगाला बांधले. तिला कन्नडच नीट येते. आम्ही जवळ नव्हतो म्हणून हे झाले का? एवढा कडक नियम गरजेचा असतो का?

उत्तर : आईंना जे झाले त्याला डिलिरियम म्हणतात. वाढलेले वय, जंतुसंसर्ग, रक्तातला घटलेला प्राणवायू, झोपेची काही औषधे आणि दिवसरात्र चालू असणाऱ्या दिव्यांत मोडलेली झोप ही त्याची नेहमीची कारणे असल्यामुळे, आपण जवळ नव्हतो म्हणूनच हे घडले असा बोल स्वतःला लावून घेऊ नका. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नातेवाइकांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिले, तरी डिलिरियमचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. मात्र जंतुसंसर्गही वाढला नाही, आणि घरच्यांची चिंता व नैराश्य कमी झाले. म्हणजे संसर्गाचे कारण पुढे करून दहाच मिनिटे देण्याला फारसा आधार उरत नाही.

भाषेचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केलेल्या या मिरजेत अथणी, चिकोडी आणि तुमच्या जतकडून कन्नड बोलणारे रुग्ण पिढ्यानपिढ्या येत आहेत. तरीही रात्रपाळीच्या सिस्टरना कन्नड येत असेलच असे नाही. घसा कोरडा पडला आहे की लघवीला जायचे आहे हे ज्या बाईला सांगता येत नाही, हात का बांधले हेही जिला कळत नाही, ती घाबरून आणखी ओढाताण करणारच. अशा वेळी तिच्या भाषेत बोलणारा घरचा माणूस हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही दार सर्वांना खुले ठेवा, असे मी म्हणणार नाही. गावाकडून जीप भरून माणसे समाचाराला येतात, ती मायेपोटीच. पण पंपात औषधाचे प्रमाण भरत असलेल्या सिस्टरला थोरला मुलगा, जावई आणि चुलते आळीपाळीने तोच प्रश्न विचारू लागले की तिचे लक्ष विचलित होते आणि शेजारच्या पलंगावरचा रुग्णही ताटकळतो. दवाखान्यांतील मारहाणीविरुद्ध राज्याला २०१० मध्ये कायदा करावा लागला, यावरून कर्मचाऱ्यांच्या मनातली भीती समजून घ्यावी. अडचण अशी की बहुतेक नियम समाचाराला येणाऱ्यांना आणि सोबतीच्या माणसाला एकाच मापाने मोजतात. नवजात बालकांच्या विशेष कक्षात तसे करत नाहीत. संसर्गाची सर्वाधिक धास्ती तिथेच असते, तरी केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आई-वडिलांना हात धुण्यापासून सर्व शिकवून बाळाच्या काळजीत सहभागी करून घेतले जाते.

भेटीची वेळ ठरवणे रुग्णालयाच्या हाती असते. परंतु राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, आणि आजाराची व उपचाराची माहिती मिळणे हा त्यातला हक्क आहे. पुन्हा अशी वेळ आली तर कन्नड बोलणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव लिहून, डॉक्टरांचा राऊंड झाल्यावर तिला जास्त वेळ थांबू द्यावे, असा अर्ज प्रमुख डॉक्टरांकडे करा. डॉक्टरांशी बोलणारा माणूसही एकच ठेवा आणि इतरांना घरी फोनवर कळवा. आईंचा चष्मा, कवळी, श्रवणयंत्र असेल तर सिस्टरकडे द्या, आणि न विचारता पाणीसुद्धा पाजू नका.

आई आता घरी आल्या असतील, तर काही आठवडे विसरभोळेपणा किंवा रात्रीची बेचैनी राहू शकते. ती कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर वयामुळे होत असेल असे समजून थांबू नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि हात बांधले होते हेही त्यांना सांगा.