जहाजांच्या धुरावर प्रत्येक देशाने आपापला कर का लावू नये?

तुम्ही विचारलंय, की जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर प्रत्येक देशाने आपापल्या जहाजांपुरता कर लावला तर काय बिघडेल? त्यासाठी लंडनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेत, पावणेदोनशे देशांच्या संमतीची वाट कशाला बघायची?

मी बोटीच्या इंजिन रूममध्ये एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात चीफ इंजिनिअर म्हणून. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या 'आपापल्या जहाजां'पाशी मी आधी अडतो. माझ्या एका बल्क कॅरिअरचा, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीचा, मालक ग्रीक होता, झेंडा लायबेरियाचा (म्हणजे नोंदणी तिथली), बोट बांधलेली कोरियात. ती भाड्याने घेतली होती सिंगापूरच्या कंपनीने. खलाशी फिलिपिन्सचे, अधिकारी निम्मे भारतीय. ब्राझीलचं लोहखनिज आम्ही चीनला नेत होतो. आता या फेरीचा धूर कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचा? लायबेरियाच्या म्हणाल, तर ती बोट मी असेपर्यंत लायबेरियाच्या एकाही बंदराला लागली नव्हती. आणि झेंडा बदलणं फारसं अवघड नसतं. कागदपत्रं होतात, फी भरली जाते, मागच्या बाजूला नोंदणीच्या बंदराचं नाव नव्याने रंगवलं जातं. एकट्या देशाने आपल्या झेंड्यावर कर लावला, तर त्याच्याकडे कर जमा होणार नाही, त्याची जहाजं मात्र निघून जातील.

हा गुंता जुनाच आहे. १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय जहाजांचा धूर कोणत्याही देशाच्या हिशोबात न धरता तो विषय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे, म्हणजे आयएमओकडे सोपवला गेला. २०१५ च्या पॅरिस करारात तर जहाजांचा उल्लेखही नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा साधारण ३ टक्के आहे. जड तेल एक टन जाळलं की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दुपारच्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवसात किती तेल जळलं ते लिहायचं असतं. तो आकडा मी पुढे पुढे मनातल्या मनात तिनाने गुणायला लागलो होतो.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते दुसऱ्या बाजूने. झेंड्याला धरता येत नाही, पण बंदराला लागणाऱ्या बोटीला धरता येतं. युरोपने तेच केलं. जानेवारी २०२४ पासून मोठ्या जहाजांना युरोपातल्या बंदरांमधल्या फेऱ्यांच्या पूर्ण आणि बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या फेऱ्यांच्या निम्म्या उत्सर्जनाचा हिशोब द्यावा लागतो आणि त्याचे परवाने विकत घ्यावे लागतात. पण लगेच पळवाटही दिसली. कंटेनर शेजारच्या बिगर-युरोपीय बंदरात उतरवून दुसऱ्या बोटीने आणले, म्हणजे हिशोब फक्त शेवटच्या छोट्या फेरीचाच द्यायला लागला, तर? म्हणून मोरोक्कोतलं टँजर मेद आणि इजिप्तचं पूर्व पोर्ट सैद ही नावं युरोपला नियमात वेगळी घालावी लागली. शिवाय तो पैसा युरोपकडेच राहतो. उद्या दहा प्रदेशांनी असे दहा नियम केले, तर एकाच फेरीसाठी दहा हिशोब ठेवावे लागतील. छोट्या कंपन्या त्यात भरडल्या जातील आणि गरीब देशांच्या वाट्याला त्या पैशातलं काहीच येणार नाही.

सगळ्यांनी मिळून नियम केला तर तो चालतो, हे मी स्वतः पाहिलंय. १ जानेवारी २०२० पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. २०१९ चे शेवटचे महिने आम्ही टाक्या साफ करण्यात घालवले. जुन्या तेलाचा गाळ खरवडून काढायचा, मग नवं तेल वेगळं ठेवायचं, कारण दोन्ही मिसळली की फिल्टर चोंदतात. जीव मेटाकुटीला आला. पण तारीख एकच होती, ग्रीक मालकाला तीच आणि चिनी मालकालाही तीच, म्हणून कोणी कुरकुर करत बसलं नाही. तेल कंपन्यांनीही तेल तयार ठेवलं.

कार्बनच्या बाबतीत मात्र इतकी धार कुठल्याच नियमाला आलेली नाही. २०२३ पासून जहाजांना ए ते ई अशी श्रेणी मिळते, ती किती कार्बन सोडून किती अंतर कापलं यावरून. मला हा नियम अर्धवट वाटतो. बंदर मोकळं नाही म्हणून दोन आठवडे नांगर टाकून बसलं तर अंतर शून्य, जनरेटर मात्र चालूच. श्रेणी घसरते. खरं तर भाड्याने घेणाऱ्याने आधीच सांगितलं असतं, की बर्थ, म्हणजे धक्क्याला लागायची जागा, अमुक तारखेला मिळेल, तर आम्ही सावकाश आलो असतो. वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर दिवसाचं तेल जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय ई मिळाली तरी सुधारणेचा आराखडा दिला की भागतं, बोट थांबत नाही.

२०२३ मध्ये आयएमओत २०५० च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठरलं. ते पाळायला लावणाऱ्या नियमांचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं, याचा मला अभिमान वाटला. ठरलेल्या पातळीपेक्षा घाण इंधन वापरलं तर जादा उत्सर्जनाच्या दर टनाला १०० डॉलर, फारच मागे राहिलं तर ३८० डॉलर. तो पैसा एका निधीत जाणार होता, स्वच्छ इंधन वापरणाऱ्या जहाजांसाठी, विकसनशील देशांसाठी आणि खलाशांच्या प्रशिक्षणासाठी. प्रशिक्षणाचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण उद्याचं इंधन म्हणून ज्या अमोनियाचं नाव घेतलं जातं तो विषारी आहे आणि गळती झाली तर पहिला श्वास इंजिन रूममधल्या पोराचा असेल. पॅसिफिकमधली बेटं तटस्थ राहिली, कारण त्यांना हे फार कमी वाटत होतं. मार्शल बेटं २०२१ पासून प्रत्येक टनावर थेट १०० डॉलर मागत होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मसुदा पक्का व्हायचा होता. अमेरिकेने बाजूने मत देणाऱ्या देशांना आयातशुल्क, व्हिसाबंदी आणि बंदर शुल्काची धमकी दिली, सौदी अरेबियाने तहकुबीचा प्रस्ताव मांडला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्ष पुढे गेला. ते वाचून रात्री मला झोप लागली नाही.

एक वर्षाने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. बोट पंचवीस वर्षं चालते. आज कुणी मालक नव्या बोटीची ऑर्डर देत असेल, तर तिच्यात मिथेनॉलवर चालणारं इंजिन घालायचं की नेहमीचं तेलाचं, हे त्याला आत्ताच बोट बांधणाऱ्या यार्डला सांगायचं आहे. घाण तेल किती महाग पडणार तेच त्याला माहीत नसेल, तर तो तेलाचं इंजिन निवडेल, आणि ती बोट २०५० सालीही धूर सोडत चाललेली असेल.