वाचकांचे प्रश्न : शटर नसलेल्या दुकानाचा शीण

प्रश्न : मी सांगलीत राहते. गेली चार वर्षे मी घरून शिवलेल्या नऊवारी साड्या विकते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी आणि लहान मुलींच्या मापाच्या साड्या मी दोन ओळखीच्या महिलांकडून शिवून घेते आणि इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲपवरून ऑर्डर स्वीकारते. सुरुवातीला प्रत्येक ऑर्डरचा आनंद होत असे. आता मोबाइल वाजला की छातीत धस्स होते. रात्री साडेअकराला कोणी 'ताई, प्राइस प्लीज' असे विचारले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल या धास्तीने मी उठून उत्तर देते. गौरी-गणपतीच्या आधी जेवणाखाण्याचेही भान राहत नाही. साडी १,६५० रुपयांना विकते. त्यात कापड ८२०, शिलाई ४०० आणि पॅकिंग व कुरिअर १३० रुपये जातात. सगळी पार्सले कॅश ऑन डिलिव्हरीने जातात आणि दहांतली दोन तरी परत येतात. हल्ली सकाळी उठतानाच थकलेली असते, मुलांवर विनाकारण चिडते आणि ज्या साड्यांची मला एवढी हौस होती त्यांची घडी घालतानाही वैताग येतो. व्यवसाय बंद करावा, की मी आळशी झाले आहे?

उत्तर : आळशी माणूस रात्री साडेअकराला अनोळखी बाईला साडीची किंमत सांगण्यासाठी अंथरुणातून उठत नाही, तेव्हा ती शंका प्रथम मनातून काढून टाकावी. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेला आता सर्रास बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारे स्वयंसेवक होते. कामचुकार माणसे नव्हती. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानते आणि तिची तीन लक्षणे सांगते : शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटू लागणे. उठतानाचा थकवा, साड्यांचा वैताग आणि 'मी आळशी झाले का' हा प्रश्न, अशी तिन्ही लक्षणे तुमच्या पत्रात आहेत.

तरीही सगळा दोष कामावर टाकण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि रक्तक्षयाचा थकवा सुट्टी घेऊन जात नाही. झोप सतत उडत असेल, रडू आवरत नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो केवळ कामाचा शीण समजून अंगावर काढू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

आता व्यवसायाकडे वळू. तुमच्या पत्रात कामाच्या प्रमाणापेक्षा मला दोन गोष्टी अधिक खुपल्या : दुकानाला वेळ नाही, आणि हिशेबात तुम्ही स्वतः नाही.

बाजारपेठेतला कापड दुकानदार रात्री शटर ओढतो, तेव्हा गिऱ्हाइकाला राग येत नाही. ते उद्या येते. पुण्यातील दुकानदारांच्या दुपारी एक ते चारच्या विश्रांतीवर आपण पिढ्यानपिढ्या विनोद केले, पण त्यामुळे दुकाने ओस पडली नाहीत, चार वाजता लोक पुन्हा रांगेत उभे राहिलेच. तुम्हीही वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, आणि ती इन्स्टाग्रामच्या परिचयात स्पष्ट लिहा. व्यवसायासाठी वेगळे सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. ठरलेल्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जाण्याची सोय त्यात आहे, किमतींसह कॅटलॉग मांडता येतो, आणि माप कसे घ्यावे यासारखी नेहमीची उत्तरे एकदाच लिहून ठेवता येतात. निम्म्या 'प्राइस प्लीज' तर फोटोखाली किंमत लिहिल्यानेच थांबतील. किंमत लपवून गिऱ्हाइकाला संदेश पाठवायला लावण्याची जी पद्धत सध्या रूढ झाली आहे, ती विकणाऱ्याचाच वेळ खाते, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री तो दुसरा मोबाइल स्वयंपाकघरात ठेवावा, उशाशी ठेवू नये.

पैशांच्या हिशेबाकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागेल, कारण माझ्या मते तुमच्या थकव्याचे मूळ तिथे आहे. तुमच्याच आकड्यांनुसार एका साडीमागे ३०० रुपये सुटतात. दहा पार्सलांपैकी आठ पोहोचली तर २,४०० रुपये मिळाले. परत आलेल्या दोन पार्सलांचा जाण्याचा खर्च प्रत्येकी १३० आणि परतीचा साधारण ११० धरला तर ४८० रुपये गेले, उरले १,९२०. शिवाय त्या दोन साड्यांमध्ये कापड आणि शिलाई मिळून २,४४० रुपये अडकून पडले, आणि एकीच्या मापाने शिवलेली साडी दुसरीला बसेलच असे नाही. म्हणजे त्या विकल्या जाईपर्यंत दहा ऑर्डरी पुऱ्या करून तुमचीच ५२० रुपयांची पदरमोड झाली. शिलाई करणाऱ्या महिलेची मजुरी तुम्ही हिशेबात आठवणीने धरता, ते योग्यच आहे. पण फोटो काढणे, मापे विचारणे, समजूत घालणे, पॅकिंग करणे आणि परत आलेल्या पार्सलांचा पाठपुरावा करणे, या तुमच्या श्रमांची किंमत त्यात कुठेच नाही. आपण राबतो आणि हाती काही राहत नाही, हे मनाला आकड्यांच्या आधीच कळलेले असते, म्हणून पुढची ऑर्डर आली की आनंदाऐवजी धसका बसतो.

यावर पहिला उपाय असा की, मापाने शिवायची साडी कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवूच नये. निम्मी रक्कम, म्हणजे ८२५ रुपये, यूपीआयने आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये. त्यातून शिलाई आणि दोन्हीकडचे कुरिअर भागून थोडे उरते. काही गिऱ्हाइके नाराज होऊन जातील. पण जी आगाऊ पैसे द्यायला अजिबात तयार नसतात, त्यांच्यातच पार्सल नाकारणारी अधिक असण्याचा संभव असतो. नवीन गिऱ्हाइकाने विश्वासाचा प्रश्न काढला तर जुन्या ग्राहकांचे अभिप्राय दाखवावेत, आणि ज्यांना आगाऊ रक्कम नकोच त्यांच्यासाठी ठरावीक मापाच्या तयार साड्यांचा छोटा साठा ठेवावा, म्हणजे परत आलेली साडी पुन्हा विकता येते.

दुसरा उपाय किंमत वाढवण्याचा आहे, आणि बहुतेक घरगुती विक्रेत्या नेमक्या इथेच कचरतात. साडी १,८०० रुपयांना विकली तर एका साडीमागे ४५० रुपये सुटतील. आज तीस साड्यांतून जे ९,००० रुपये मिळतात, ते वीस साड्यांतून मिळतील. म्हणजे एक तृतीयांश गिऱ्हाइके गेली तरी मिळकत तेवढीच राहून काम तेवढ्या प्रमाणात कमी होईल. वाढलेल्या रकमेतून रोज दोन तास पॅकिंग आणि कुरिअरच्या कामाला एखादी मदतनीस ठेवता आली तर अधिकच चांगले. शिलाईचे दर मात्र या नावाखाली कापू नयेत.

सणांचे गणितही तुमच्या व्यवसायात उघड आहे. मंगळागौर, गौरी, नवरात्र, शाळांची स्नेहसंमेलने, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आणि लग्नसराई, या प्रत्येक वेळी गर्दी होणार हे पंचांग पाहून वर्षाच्या सुरुवातीलाच सांगता येते, तरी बहुतेक जणी दरवेळी अचानक पूर आल्यासारख्या सापडतात. प्रत्येक सणाआधी दहा-बारा दिवस ऑर्डरी बंद होण्याची तारीख जाहीर करावी आणि नंतर आलेल्या मैत्रिणीच्या नणंदेसाठीही ती मोडू नये. आषाढात मंगळागौरीसाठीच्या नेहमीच्या मापांच्या साड्या शिवून ठेवता येतात. पितृपक्षात अनेक घरांत नवे कापड घेत नाहीत. त्या पंधरवड्यात नवरात्राची शिलाई चालू राहू द्यावी, पण नवीन चौकशा बंद ठेवाव्यात. दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मागणी आपोआप मंदावते. ती तुमची खरी सुट्टी. तेव्हा पेजवर तसे लिहून दुकान पूर्ण बंद ठेवावे.

रोज रील टाकले नाही तर पेज मागे पडेल, ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती बहुधा असेलच. दोन महिने प्रत्येक ऑर्डरला व्हॉट्सॲपमध्ये लेबल लावा : जुनी ग्राहक, कोणीतरी सांगून आलेली, रील पाहून आलेली. लग्नासाठी नऊवारी घेणारी बाई बहुतेक वेळा कोणाच्या तरी अंगावरची साडी पाहून येते. तुमच्याकडेही तसेच आढळले, तर आठवड्याला दोन रील्स पुरेत.

बंद करण्याचा निर्णय मात्र आज घेऊ नये. थकलेल्या मनाला सगळेच निरर्थक दिसते. हे बदल करून पुढचे दोन मोठे सण पार पाडा आणि सुट्टीच्या त्या दिवसांत वही उघडून पाहा. स्वतःच्या श्रमांचा मोबदला धरूनही हिशेब जमत नसेल, किंवा जमूनही साड्यांची ओढ परतली नसेल, तर व्यवसाय आवरता घेण्यात कोणतीही नामुष्की नाही.

प्रश्न : माझी पत्नी ठाण्यातून घरगुती मसाले ऑनलाइन विकते आणि दिवसेंदिवस खूप थकते आहे. 'एवढा त्रास होतो तर बंद कर' असे म्हटले की ती चिडते. मी तिच्या भल्याचेच सांगतो, तरी असे का?

उत्तर : कारण तिने स्वतःच्या बळावर उभी केलेली गोष्ट तुम्ही एका वाक्यात 'त्रास' ठरवता. शिवाय व्यवसाय बंद झाला तरी घरचे काम तिच्याच वाट्याला राहणार, हे तिला ठाऊक आहे. सल्ला देण्याऐवजी एक काम कायमचे आपल्याकडे घ्या. कुरिअरच्या तक्रारी आणि पैशांच्या थकबाकीचे फोन ही कामे सर्वांत अधिक मनस्ताप देणारी असतात, आणि ती करायला मसाल्याचे ज्ञान लागत नाही. मात्र 'मदत' म्हणून अधूनमधून करू नका. ज्या कामाची आठवण तिलाच तुम्हाला करून द्यावी लागते, ते काम तिच्या डोक्यावरून उतरलेले नसते. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस तुमच्याकडे आला तर उत्तमच. पुढे व्यवसायाचे काय करायचे, हे तिने स्वतःहून विचारले तरच बोलावे, आणि तेव्हाही आधी तिच्याकडून सगळा हिशेब समजून घ्यावा.