कुंडीतली बाग : हनीबेरी मुंबईत फळेल का?

प्रश्न : ताई, माझी लेक कॅनडात सास्काटूनला असते. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा जूनच्या शेवटी शेजारच्या आजींच्या अंगणात हनीबेरी लागल्या होत्या, लांबट निळ्या, वर पांढरी पावडर असल्यासारख्या. आम्ही दोघी वाटी घेऊन जायचो आणि तिथेच अर्ध्या संपवायचो. मुलुंडला आमचा टेरेस फ्लॅट आहे, सकाळचं ऊन भरपूर, कुंडीत लावता येईल का? लेक म्हणते पुढच्या वेळी येताना बॅगेतून काडी आणते.
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ताई, पत्र वाचून मलाच चुटपुट लागली कारण उत्तर नाही असंच आहे आणि ते गोलगोल फिरवून सांगण्यात अर्थ नाही. काही महिने रोप जगेलही कदाचित, पण फळ धरणार नाही.

कारण नीट सांगते, म्हणजे नर्सरीवाला काहीही म्हणाला तरी तुमचे पैसे जाणार नाहीत. कॅनडात हिला हॅस्कॅप म्हणतात, ते नाव मूळचं जपानच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनू लोकांचं, आणि सायबेरियातही हे झुडूप रानात उगवतं, म्हणजे सगळा बर्फाचाच मुलूख बघा. उणे 40 डिग्रीत झुडूप मरत नाही आणि त्याचं उमललेलं फूलसुद्धा उणे 7 पर्यंत टिकतं, आपल्याकडे आंब्याचा मोहोर चार दिवस ढगाळ हवा आली तरी करपतो. असं झाड थंडीत पानं गाळून झोपतं आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय धड जागं होत नाही, फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, अर्धवट फुटतात, फूल येत नाही. ही थंडी तासांत मोजतात, शून्य ते साधारण 7 डिग्री या मधले तास, आणि ते शेकड्यांनी लागतात. आता आपल्या मुंबईचं बघा, सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान 7.4 डिग्री, तेही 22 जानेवारी 1962 ला, आणि कुलाब्याला त्या दिवशीही 11.7 च्या खाली उतरलं नाही. म्हणजे नोंदीतल्या सगळ्यात गार पहाटेसुद्धा त्या हिशोबात तिथे एक तास जमा झाला नसता. मुलुंडला डोंगराच्या कुशीत पहाटे जरा जास्त गारवा असतो हे मान्य, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि बॅगेतून काडी अजिबात आणू देऊ नका हं. परदेशातून रोप, काडी, बी काहीही आणायचं तर आधी आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचा रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो, 2003 सालच्या प्लांट क्वारंटाइनच्या आदेशात तसा नियम आहे. एअरपोर्टवर काढून घेतील हा भाग वेगळा, पण काडीबरोबर एखादी बुरशी किंवा कीड आली तर ती आपल्या शेतकऱ्याच्या मळ्यात शिरते, मला त्याची जास्त काळजी वाटते.

मी तुमच्या जागी असते तर झाड लेकीच्या अंगणात लावायला सांगितलं असतं, ती तर बरोब्बर त्याच गावात राहते जिथे या झाडावर मोठं काम झालंय. टंड्रा, बोरिअलिस, इंडिगो जेम या जाती सास्काटूनच्याच युनिव्हर्सिटीतून आल्यात. फक्त एकच रोप लावून चालत नाही, स्वतःच्या परागावर हिला फळ नीट धरत नाही, आणि वरच्या तिन्ही जाती एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या, म्हणून सोबत ऑरोरासारखी वेगळी जात हवी. आणि निळी दिसली की तोडू नका म्हणावं, साल आधीच निळी होते पण आतला गर हिरवट असतो, एक फळ दाताने फोडून बघायचं, आत पूर्ण जांभळं झालं की मगच वाटी न्यायची.

तुमच्या टेरेसवर मात्र तुती आणि फालसा लावा, दोन्ही मोठ्या कुंडीत छान येतात. तुती गोड, फालसा आंबट, दोन्हीचा रस तसाच गडद. तुती आधी येते ती फ्रीझरमध्ये ठेवायची आणि एप्रिल-मेमध्ये फालसा आला की दोन्ही एकत्र करून जॅम करायचा. हनीबेरीची चव हुबेहूब येणार नाही, पण त्या आंबटगोडाच्या वाटेवरची नक्की येईल.

प्रश्न : रोप दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलं तर थंडी मिळेल ना? यूट्यूबवर एकाने सफरचंदाचं केलंय.
(एक वाचक, कांदिवली)

उत्तर : कल्पना चुकीची नाही, पान गळालेलं झोपलेलं रोप गार खोलीत ठेवतात हे खरंय. पण आपल्या हवेत रोप मुळात झोपतच नाही, आणि हिरवं पान असलेलं रोप अंधारात कोंडलं तर ते सडतं. हजार तास धरले तर चाळीसेक दिवस झाले, फ्रिजमध्ये केळी-सफरचंदं असली तर पिकताना त्यांचा जो गॅस सुटतो त्याने कळ्या खराब होतात, आणि रोपं दोन हवीत हे वर सांगितलंच. एवढं करून बाहेर काढाल तेव्हा फेब्रुवारी-मार्चचं तेहेतीस डिग्रीचं ऊन, मग मे, मग आपला पाऊस, जुलैत कुंडीतली माती आठवडाभर सुकत नाही. रोपाचे हाल होतील, नका करू.

प्रश्न : नर्सरीवाल्याने हनीसकल म्हणून वेल दिली, फुलं आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल होतात. हनीबेरी हनीसकलच्या जातीची असते असं वाचलं. हिला फळं येतील ना?
(एक वाचक, दादर)

उत्तर : ती आपली मधुमालती, हनीबेरीशी तिचं काही नातं नाही. वास घ्या, ग्रिलवर छान चढवा, खायचं मात्र काही नाही. आणि खरी हनीसकल म्हणून पांढरी-पिवळी फुलं येणारी वेल मिळते तिचीही फळं तोंडात घालायची नाहीत, त्या घराण्यातल्या बऱ्याच जणींची फळं पोट बिघडवतात, घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : दोन वर्षं झाली, कुंडीतल्या तुतीला नुसती पानंच पानं, फळ औषधालाही नाही. खत भरपूर घालते.
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : खतच कमी करा, सगळ्यात आधी. शेणखत आणि गांडूळखत मूठ मूठभर घातलं की तुती खुश होऊन पानं काढत बसते. आणि कुंडीला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं, ग्रिलच्या आतल्या सावलीत फळाची आशा नको.

खरी युक्ती छाटणीत आहे. तुतीचं फळ नव्या फुटव्यावर येतं, जुन्या फांदीला धरून बसलात तर काही होत नाही. डिसेंबरच्या शेवटी पाणी जरा तोडा, मग सगळ्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कापा आणि उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा, एकही ठेवू नका, जीव हळहळतो पण करा. माझ्या पार्ल्याच्या बाल्कनीत दहाव्या-बाराव्या दिवशी प्रत्येक डोळ्याशी हिरवं टोक फुटतं, आणि पानाच्या बगलेतच हिरवी सुरवंटासारखी फळं दिसायला लागतात, अंगावर पांढरे बारीक दोरे असलेली. ते दोरे बघून कीड समजून फवारू नका, ते फुलाचेच असतात, आपोआप वाळतात. पिठ्या ढेकूण असेल तर कापसासारखा चिकट पुंजका असतो, तो पाण्याच्या धारेने आणि नीम तेलाने जातो.

फळ लाल झालं की थांबा, पूर्ण काळं होऊन नुसत्या बोटाच्या धक्क्याने हातात आलं पाहिजे, ओढावं लागलं म्हणजे अजून आंबट आहे. बुलबुल पहाटे तुमच्या आधी उठतात, म्हणून फळ लाल होताच बारीक जाळी टाका, पण दोन फांद्या त्यांच्यासाठी बाहेर ठेवत जा. आणि खालच्या मजल्यावरच्या दोरीवर कपडे वाळत असतात ना, तिथे आधी सांगून ठेवा, तुतीचा डाग सुकला की निघत नाही.