‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

प्रश्न : ‘मी रविवारी अलिबागला गेलो होतो’ याचं इंग्रजी मी ‘आय हॅड गॉन टू अलिबाग ऑन संडे’ असं करतो. ऑफिसात ते चूक ठरवतात. मग ‘हॅड’ कुठे वापरायचं? आणि ‘हॅव’ कुठे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : चूक आहेच, पण ती थेट मराठीतून आलेली. आपल्याकडे ‘गेलो होतो’ला दुसरी घटना लागत नाही, जाऊन आलो, एवढंच त्यातून कळतं. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ ऐकलं की समोरचा वाट बघत बसतो : कशाच्या आधी? म्हणून एकट्या घटनेला साधं ‘वेंट’ पुरे.

‘हॅड’ची खरी जागा बघा. ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा फलाट रिकामा. ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटलंत, तर तुम्ही पोचलात आणि गाडी डोळ्यांदेखत सुटली. वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल तर क्रम त्यानेच कळतो. तिथे ‘हॅड’ नसलं तरी बहुधा चालतं.

आता ‘हॅव’. त्याला गेलेली नेमकी वेळ सोसत नाही. यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ यांतलं काहीही आलं की ‘हॅव’ बाद. मराठीत ‘मी कालच आलोय’ बिनदिक्कत चालतं, म्हणूनच ‘आय हॅव कम यस्टर्डे’ तोंडात बसलेलं असतं. ‘आय केम यस्टर्डे’ म्हणा. ‘आय हॅव लॉस्ट माय पास’ म्हणजे पास अजून सापडलेला नाही; ‘आय लॉस्ट माय पास’मधून आजचं काहीच कळत नाही. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे स्वारी अजून परतलेली नाही. जाऊन आला असेल तर ‘हॅज बीन टू पुणे’.

मुलाखतीत हा फरक महागात पडतो. सध्याच्या नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात, तर ती सोडल्याचा अर्थ निघतो. ‘२०१९पासून काम करतोय’चं ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ही चूकच, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’ हवं. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.