उन्हाळ्यात रात्री झाडाखाली गार लागतं की उलट गरमच? अंगणात ब्लॉक घालावेत की माती राहू द्यावी?

अहो, कुठला प्रश्न विचारलात, यावरूनच मी आणि दादा चार महिने धड बोललो नव्हतो.

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर, मागे मातीचं अंगण आणि एक कडुनिंब. आई संध्याकाळी सडा मारायची, नऊपर्यंत माती गार, खाटा टाकून तिथेच झोपायचो, ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच नाही म्हणत. मग दादाला चिखल नको, कार उभी करायचीये, म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक, आणि पानं पडतात म्हणून निंबही गेला. पहिल्याच मे महिन्यात रात्री साडेदहाला आई अनवाणी बाहेर गेली आणि पाय उचलत परत आली. मी बादलीभर पाणी ओतलं तर बघता बघता सुकलं, वर वाफारा वेगळा. गल्लीतली कुत्री तुळशीजवळ हातभर माती उरली होती तेवढ्यातच अंग मुडपून झोपायची, तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दादाचं म्हणणं, झाडाखाली रात्री कोंदट होतं. कबूल करायला जिवावर येतं, पण तेवढं बरोबर आहे. रात्री पानांतून पाणी उडणं जवळजवळ थांबतं आणि जमिनीची धग आकाशाकडे जायची ती दाट फांद्या अडवतात, म्हणून सगळ्यात लवकर निवतं ते मोकळं गवत. पण निंबाची ड्यूटी दिवसाची हो! ऊन खाली पोचूच दिलं नाही तर ब्लॉक तापतील कशाने? सिमेंट-डांबर दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं, चिंचोळ्या गल्लीत तर भिंती एकमेकींनाच शेकतात. त्यात आता दादाने खालच्या खोलीत एसी लावलाय, त्याचं गरम हवा फेकणारं आउटडोअर कुठे? अंगणातच.

तुम्ही चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या घाला, बाकी माती ठेवा, झाड पश्चिमेला लावा, गच्चीला चुना मारा. हां, सडा नसेल तर कोरडी मातीही दुपारी चांगलीच तापते, फक्त रात्री लवकर निवते. आणि ढगाळ रात्री यातलं फारसं काही चालत नाही.

दादा, तू हे वाचणार मला माहितीये. निंबाचं रोप माझ्याकडे कुंडीत तयार आहे, पावसाआधी आठ ब्लॉक तेवढे उखडून ठेव.