टाच, तळवा, चवडा आणि अपंगत्व पेन्शन: माजी सैनिकांचे प्रश्न

प्रश्न : पायदळात १९ वर्षं काढून २०२१ मध्ये हवालदार म्हणून मुदत संपवून सुटलो. रिलीज मेडिकल बोर्डाने (सुटताना तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) दोन्ही तळवे सपाट असल्याबद्दल २० टक्के अपंगत्व दिलं, पण शेरा मारला : ‘शरीररचनेतलाच दोष, सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही.’ पेन्शन नाकारली. पहिलं अपील दोन महिन्यांपूर्वी फेटाळलं. भरतीच्या वेळी पाय धडधाकट होते. आता काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी तारीख बघा. फेटाळल्याचं पत्र मिळाल्यापासून दुसऱ्या अपिलाला सहा महिने असतात, त्यातले तुमचे दोन गेले. पत्राचं पाकीट फेकू नका. पत्र कधी मिळालं यावर वाद झाला तर त्यावरचा टपालाचा शिक्का कामी येतो.

‘शरीररचनेतला दोष’ हा शेरा बोर्डाला फार सोयीचा, कारण तो लिहिला की पुढे काही लिहावं लागत नाही. नेमका तिथेच तो कच्चा आहे. भरतीच्या तपासणीत पाय मुद्दाम बघतात : चवड्यांवर उभं केल्यावर तळव्याची कमान परत दिसते का, चवड्यांवर उड्या मारता आणि पळता येतं का, पाऊल लवचीक आहे का, दुखतं का. ताठर सपाट पायाचा उमेदवार तिथूनच परत जातो. म्हणजे तुमच्या बाबतीत दोनच गोष्टी संभवतात. एक तर तेव्हा कमान होती आणि सेवेत खचली. नाहीतर तळवे तेव्हाही थोडे सपाट, पण लवचीक आणि न दुखणारे होते आणि दुखणं नंतर जडलं. पहिलं खरं असेल तर आजार सेवेत झाला, दुसरं खरं असेल तर तो सेवेत बळावला. पेन्शनला दोन्ही चालतं. म्हणून अपिलात ‘सेवेमुळे झाला, किंवा निदान सेवेमुळे बळावला’ असं दोन्ही मागा. बरेच जण फक्त पहिलं मागतात आणि अर्धी बाजू हातची घालवतात.

धरमवीर सिंग यांच्या खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. सेवेशी संबंध आहे हे सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर नाही. आणि उलट मत द्यायचं तर बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत. तुमच्या शेऱ्यात कारण कुठे आहे? अपिलाचा पहिला परिच्छेद हाच असू द्या. मात्र हा निकाल जोडला म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच पाय दुखल्याची सिक रिपोर्ट (आजारी म्हणून दाखवल्याची नोंद) निघाली, तर समोरची बाजू तीच धरून बसते. आपले कागद आपण आधी वाचावेत.

ते कागद असे : भरतीची वैद्यकीय तपासणी, मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीचा दर्जा) खाली आणताना झालेल्या प्रत्येक बोर्डाचा एएफएमएसएफ-१५ हा फॉर्म, सुटतानाचा एएफएमएसएफ-१६, एमआय रूम (युनिटचा दवाखाना) आणि लष्करी रुग्णालयातल्या नोंदी, आणि कोणत्या वर्षी कुठे पोस्टिंग होतं त्याची यादी. हाताशी नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी अर्ज बेळगावला करावा. अर्जात ‘सर्व पानांची प्रत’ असं स्पष्ट लिहा. ज्या पानावर बोर्डाने सेवेशी संबंधाबद्दल मत दिलेलं असतं, नेमकं तेच पान राहून गेलं तर सगळा खटाटोप वाया.

मग एका पानावर तक्ता करा : वर्ष, ठिकाण, काम, तक्रार, उपचार, कॅटेगरी. डोंगराळ भागातली पोस्टिंग, त्यानंतर टाचदुखीची पहिली नोंद, त्यानंतर कायमची लो मेडिकल कॅटेगरी, असा क्रम दिसला की पानभर युक्तिवादाची गरज उरत नाही.

नवा एक्स-रे काढणार असाल तर उभ्याने, दोन्ही पायांवर भार देऊन काढा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत खचलेली कमानही बरी दिसू शकते. अस्थिरोगतज्ज्ञाकडून टाचेच्या हाडाचा कोन आणि एका पायावर टाच उचलता येते की नाही, हे लिहून घ्या. ‘रुग्ण पूर्ण अपंग आहे’ असा खासगी दाखला उलट नुकसान करतो, कारण तो बोर्डाच्या २० टक्क्यांशी जुळत नाही. घरची ओढाताण, मुलीचं लग्न हेही अपिलात नको. कळकळ खरी असली तरी निर्णय त्यावर होत नाही.

दुसरं अपीलही फेटाळलं, तर त्या आदेशापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ आहे. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी तिथे जाता येतं, आणि त्यापुढे पुन्हा सहा महिन्यांची मुदत असते. अपील रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपायची ती यासाठीच.

प्रश्न : २० टक्क्यांसाठी एवढी धावपळ परवडते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हिशेब करून बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या मान्य वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. वेतन ४०,००० रुपये धरलं तर १०० टक्क्यांना महिना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण इथे ‘राउंडिंग’ येतं : ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ पासून पुढे १००. म्हणजे २,४०० चे ६,००० होतात, वर महागाई भत्ता. हा लाभ मुदत संपवून सुटलेल्यांनाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार निकालात १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं. तो अर्जात स्पष्ट मागा. न मागता मिळेल या भरवशावर राहू नका. एक सूचना : २१ सप्टेंबर २०२३ ला नवे पात्रता नियम आले. त्यानंतर सुटलेल्यांनी हा हिशेब जसाच्या तसा लावू नये, आपल्या आदेशात कोणत्या नियमांचा उल्लेख आहे ते आधी पाहावं.

प्रश्न : २०१४ मध्ये सुटलो, पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं, पण अपील केलंच नाही. आता काही होईल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होऊ शकतं. चुकीची पेन्शन हे दर महिन्याला होत राहणारं नुकसान मानलं जातं, म्हणून केवळ उशिरामुळे दावा सहसा मरत नाही. थकबाकी मात्र तरसेम सिंग निकालानुसार (२००८) साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आज गेलेला महिना परत येत नाही. उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडा आणि त्यात खरं कारण लिहा. अपिलाची पायरी गाळून थेट न्यायाधिकरणात गेलात तर सहसा दाखल करून घेत नाहीत. कागद लावायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

प्रश्न : टाचेचं हाड वाढलंय. सेवेशी संबंध मान्य झाला, पण टक्के १५ दिले आणि २० पेक्षा कमी म्हणून नाकारलं. राउंडिंग मिळेल?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुदत संपवून सुटला असाल तर नाही, आधी २० चा उंबरठा ओलांडावा लागतो. आजारामुळे मुदतीआधी सेवेतून काढलं असेल तर गोष्ट वेगळी. सुखविंदर सिंग निकालाप्रमाणे (२०१४) अशा वेळी अपंगत्व २० टक्क्यांच्या वरच धरायचं. तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारातलं असेल, तर भांडण टक्क्यांवरच करा, पण वाढलेल्या हाडाचा एक्स-रे पुढे करून नाही. असं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या टाचेत सापडतं, आणि बोर्डाच्या डॉक्टरांना ते पक्कं ठाऊक असतं. किती मिनिटं उभं राहता येतं, किती इंजेक्शनं झाली, बुटात कोणता आधार लागतो, घोटा किती वळतो, याच्या तारखांसह नोंदी द्या.

प्रश्न : प्रशिक्षणात चवड्यात मार्च फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) झालं होतं. तेव्हाचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आहे, तोच आता आमच्याविरुद्ध दाखवतात.
– एक वाचक, बीड

उत्तर : त्या एक्स-रेची तारीख आणि दुखणं सुरू झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. हाड जुळताना भोवती नवं हाड धरलं की मग दिसते. त्यानंतरचा एक्स-रे किंवा एमआरआय रुग्णालयाच्या नोंदीत आहे का ते शोधा. नसेल, तर प्लास्टर किती दिवस होतं आणि परेडमधून किती आठवडे सूट होती, ती नोंद मागवा.